टाकी हुंगणारा माणूस

जेवायला बसले की पहिला घास आधी नाकाशी नेत, मग तोंडात. कुणाच्याही दारात कुंडी दिसली की तिचं एक पान उलटून बघत आणि मगच घरच्यांची विचारपूस करत. नोझल तुंबलं तर तार लावत नसत. बायकोच्या फणीत अडकलेला केस घेत आणि त्यानं ते मोकळं करत. तारेनं भोक मोठं होतं, म्हणत, आणि मोठं झालेलं भोक कुणाच्या बापाला लहान करता येत नाही. मशीनशी अहो-जाहो बोलत, माणसांशी अरे-तुरे. कामाचे बूट दाराबाहेर उपडे ठेवत. वारा बघायचा असला की मूठभर धूळ सोडत आणि ओळखीचं कुणी गावाला निघाल्यासारखे तिच्याकडे बघत उभे राहत. टाकी भरण्याआधी झाकण काढून आत डोकं घालत.

या शेवटच्या सवयीमुळे लोक त्यांना अत्तरवाले म्हणत. काम मात्र फवारणीचं. ट्रॅक्टरमागे जोडलेली मोठी टाकी, दोन बाजूंना पसरणारे नळीचे हात, आणि आसपासची सगळी कपाशी. टाकीत डोकं घालून ते आधी कोणतं औषध होतं ते सांगत. कुठल्या शेतातलं, तेही कधीकधी सांगत. दुकानदार म्हणायचा, "यांना लग्नाच्या आधी मुलगी दाखवली नव्हती, हुंगवली होती."

"म्हणूनच सुगंधी निघाली," अत्तरवाले म्हणत. मागे पाण्याचा पाइप धरून उभ्या असलेल्या काकू म्हणत, "आणि मला कुणी विचारलं नाही, मी काय हुंगलं ते."

काकू म्हणजे त्यांची बायको. सगळे तिला काकूच म्हणत. टाकीत पाणी भरणं, माप घालणं, ढवळणं ही कामं काकूंची. हुंगणं आणि चालवणं अत्तरवाल्यांचं. इतक्या वर्षांत ही वाटणी कधी बदलली नव्हती.

ती बदलली थंडीतल्या एका तापानंतर.

ताप आठवडाभर होता, गेला. मग एका सकाळी काकू अंगणात कपडे वाळत घालत होत्या आणि घरातून करपल्याचा वास आला. धावत आत गेल्या. गॅसवर दूध उतू जाऊन भांडं काळं झालेलं. धूर खिडकीपर्यंत. आणि शेगडीपासून हातभर अंतरावर अत्तरवाले पाटावर बसून केसानं नोझल साफ करत होते.

"अहो! घर पेटलं असतं की!"

त्यांनी मान वर केली. धूर बघितला. "लक्ष नव्हतं गं," म्हणाले.

दुपारी जेवताना त्यांनी पहिला घास नाकाशी नेला, तेव्हा काकू नीट बघत राहिल्या. घास नाकाशी गेला, थांबला, तोंडात गेला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. एखादं दार बंद आहे हे माहीत असूनही कुणी रोज त्याची कडी वाजवावी, तसं.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"तापापासून."

"काहीच नाही?"

"साबण नाही. डिझेल नाही. तू नाहीस."

डॉक्टरांनी सांगितलं, येईल परत, कधीकधी येतं. कधीकधी म्हणजे कधी, ते सांगितलं नाही. अत्तरवाल्यांनी काकूंकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली: बाहेर बोलायचं नाही. नाकाशिवाय अत्तरवाला म्हणजे काय? नुसता ट्रॅक्टर चालवणारा. तसे गावात पैशाला पासरी होते.

मग दोघांनी एक पद्धत बसवली. पाइप टाकीत सोडताना काकू वाकत आणि हळूच वास घेत. ठीक असेल तर पाइप डाव्या हातात, काही उरलं असेल तर उजव्या. मग अत्तरवाले चढत, झाकणात डोकं घालत, सगळ्यांसमोर दीर्घ श्वास घेत आणि निकाल देत. कधी कुणाला शंका आली नाही. उलट दुकानदार म्हणाला, "तापानंतर नाक आणखी तेज झालं बुवा!" त्या दिवशी घरी येताना दोघं इतकी हसली की अत्तरवाल्यांना ट्रॅक्टर बाजूला घ्यावा लागला.

बाई या हसण्यात कुठेच नव्हत्या. बाई म्हणजे पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या. वडील गेल्यावर नोकरी सोडून त्या शेत बघायला आल्या. शेत त्यांचं आणि धाकट्या भावाचं, दोघांचं. भावाचं म्हणणं, शेत मला दे, मी बघतो. बाईंचं म्हणणं, मीच बघणार. गेल्या वर्षी त्यांच्या कपाशीवर मावा आला, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. भावानं सांगितलेलं जहाल औषध मारलं. मावा मेला. त्याला खाणारे ढालकिडेही मेले. मग मावा परत आला तो दुपटीनं, आणि या वेळी त्याला खायला कुणी नव्हतं. पानांवरून माव्याचा चिकटा गळून फुटलेल्या बोंडांवर पडला. जिनिंगवाल्यानं त्यांचा कापूस चिमटीत धरला, बोटं चिकटली, आणि गाडी परत पाठवली.

या वर्षी बाईंनी ठरवलं, फवारणीचं तेल वापरायचं. तेल विषासारखं काम करत नाही. माव्याच्या अंगावर त्याचा पातळ थर बसतो आणि किडा गुदमरतो. थर वाळला की मागाहून येणाऱ्या ढालकिड्याला त्याचा त्रास नाही. पण मावा बसतो पानाच्या खालच्या बाजूला, म्हणून नोझल खालून वर रोखावं लागतं. पाणी आणि तेल सतत ढवळत ठेवावं लागतं, नाहीतर तेल वर तरंगतं. आणि गंधकाशी त्याचं अजिबात जमत नाही. दोन्ही एकत्र आली की पान होरपळतं. डब्यावर लाल अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं.

"शेतात तेल," भाऊ म्हणाला. "वर मोहरी-जिरं टाक. फोडणीची कपाशी."

"या खेपेला कापूस परत आला तर शेत तू घे," बाई म्हणाल्या. रागात म्हणाल्या. पण चार लोकांत म्हणाल्या, आणि भावानं ते शब्द जपून ठेवले.

फवारणी अत्तरवाल्यांकडे दिली. त्याआधी त्यांचं मशीन त्यांचा भाचा द्राक्षबागेसाठी घेऊन गेला होता. धुऊन आणतो, म्हणाला होता, आणि खरंच धुऊन आणलं होतं. बाहेरून चकचकीत.

त्या सकाळी काकूंना पडसं होतं. आदल्या दिवसापासून डोकं जड, नाक गच्च. त्या पाइप घेऊन टाकीवर वाकल्या. वास आला नाही. वास नाही म्हणजे टाकीत काही नाही की आपल्या नाकात काही नाही, हे क्षणभर त्यांना कळेना. अहोंना सांगावं, असं मनात आलं. पण बाई शेजारीच उभ्या होत्या. भाऊ बांधावर हाताची घडी घालून उभा होता. ऊन चढायच्या आत आटपायचं होतं. भाच्यानं धुतलंय, काकूंनी मनाशी म्हटलं, आणि पाइप डाव्या हातात घेतला.

अत्तरवाले चढले. झाकणात डोकं घातलं. छाती भरून श्वास घेतला.

"आरशासारखी आहे," ते म्हणाले. "टाका तेल."

पाणी दुधासारखं पांढरं झालं. त्यांनी जीव ओतून फवारलं. हात खाली घेऊन, हळू, एकेका झाडाला खालून भिजवत. मध्येच उतरून पान उलटून बघितलं आणि बाईंना हाक मारली. "बघा, एकही सुटला नाही." बाई हसल्या. मुलाला गणित सुटल्यावर हसत असतील तशा.

तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा तांबूस झाल्या. चौथ्या दिवशी सुरुवातीच्या ओळी भाजून काढल्यासारख्या दिसायला लागल्या.

लोक बघायला आले. बांधावर उभे राहून चुकचुकले. ज्यांनी तेल घ्यायचं मनात आणलं होतं त्यांनी कानाला खडा लावला. भावानं आवाज चढवला नाही. तेच बाईंना जास्त लागलं. "ताई, हौस झाली ना?" तो म्हणाला. "रविवारी मी माझा फवारणीवाला पाठवतो. जहालवालं. आणि पुढचं आपण बोललोच आहोत."

अत्तरवाले शेतात एकटेच फिरत होते. काकू बांधावरून बघत होत्या. पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत गेले, परत आले. सुरुवातीला होरपळ जास्त. पुढे कमी. दुसरी टाकी जिथून सुरू झाली तिथून पुढे जवळपास नाहीच. शेवटच्या ओळी हिरव्यागार, आणि त्यांच्यावर मावा मेलेला, वाळून काळा पडलेला.

घरी येऊन त्यांनी मशीनची गाळणी उघडली. जाळीत पिवळा थर होता. पाइपाच्या वळणात तोच. द्राक्षाला मारलेलं गंधक. भाच्यानं टाकी धुतली होती. गाळणी उघडून बघायची असते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मामाला कधी उघडावी लागली नव्हती. मामाला नाक होतं.

ते पायरीवर बसले. काकू समोर उभ्या राहिल्या.

"माझं नाक चोंदलं होतं," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी. मला काही कळत नव्हतं. तरी मी डावा हात केला."

त्यांनी बोटाला लागलेली पिवळी पूड पुसली. मग म्हणाले, "म्हणजे दोन माणसांत मिळून एक नाक, आणि त्यालाही पडसं."

काकूंना हसू आलं नाही. त्यांनी पदरानं डोळे पुसले. "गप्प राहा ना आता. तेलावर आळ गेलाय, जाऊ द्या तेलावर. तेलाला कुठे तोंड दाखवायचंय कुणाला?"

"बाईंना दाखवायचंय."

"त्यांना भाऊ आहे. शेत काही परक्याकडे जात नाही."

"अगं, त्यांच्या हातून जातंय," ते म्हणाले. "माझ्यामुळे."

"आपल्या," काकू म्हणाल्या.

"माझ्या. नाक माझं विकलं जात होतं. तू मध्ये येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. बियाणं, औषधं विकणारं ते दुकान म्हणजे सगळ्यांचा अड्डा. भाऊ होता, दुकानदार होता, चारपाच शेतकरी होते. बाईंनाही त्यांनी बोलावून घेतलं. काकू दाराशी थांबल्या.

"तेलानं जाळलं नाही," अत्तरवाले म्हणाले. "टाकीत गंधक होतं. मला वास आला नाही. मला तापापासून कशाचाच वास येत नाही."

दुकानदार हसला. मग सगळेच.

"अत्तरवाले, तुमचं नाक?" दुकानदार म्हणाला. "उद्या सूर्य म्हणेल मला दिसत नाही."

"बाईंना वाचवताय," भाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं. "मोठ्या मनाचे आहात काका. पण खोटं तुम्हाला जमत नाही."

"खोटं नाही रे बाबा."

"गाळणीत गंधक होतं," काकू दारातून म्हणाल्या. "मी बघितलं."

"काकू, तुम्ही नवऱ्याचीच बाजू घेणार."

दुकानदाराला हुक्की आली. त्यानं अत्तरवाल्यांचा रुमाल घेऊन त्यांचे डोळे बांधले. सगळे गोळा झाले. त्यानं फडताळातून काचा पुसायच्या अमोनियाची बाटली काढली, बूच उघडलं आणि त्यांच्या नाकाखाली धरली.

अत्तरवाले झटक्यानं मागे गेले. खुर्ची आपटली. रुमालाखालून पाणी वाहायला लागलं.

दुकान खदखदून हसलं. "घ्या! म्हणे नाक गेलं!"

"वास नाही आला," ते म्हणत होते. "झोंबलं. झोंबणं वेगळं. कांदा नाकाला झोंबतो तसं. वास नाही..." पण हसण्यात कुणाला ऐकू आलं नाही. दुकानदारानं त्यांची पाठ थोपटली. कुणीतरी चहा मागवला. माणूस आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी ओळखला गेला ती आता आपल्याकडे नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते त्यांच्याकडून कुणी घेईना.

हसले नाहीत ते फक्त बाईंच्या भावाचे डोळे. ते बहिणीकडे लागले होते. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "काका, खरं सांगा. माझ्यासाठी बोललात?"

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"मला विश्वास ठेवायचाय," बाई म्हणाल्या. "म्हणूनच विचारते."

त्या उत्तरानं अत्तरवाले दुकानातल्यापेक्षा जास्त खचले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काकूंनी जेवायला वाढलं. त्यांनी घास नाकाशी नेला नाही. सरळ तोंडात घातला.

"दाखवायला हवं," ते म्हणाले. "बोलून होणार नाही."

शनिवारी सकाळी ते बाईंच्या शेतात गेले. शेताच्या पलीकडच्या कडेला अजून न फवारलेला तुकडा होता. त्यातल्या दोन ओळी त्यांनी निवडल्या. दोन्हींच्या टोकांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या. पहिल्या ओळीवर स्वच्छ पंपातून नुसतं तेल. दुसरीवर तेच तेल, तेवढंच, त्याच उन्हात, पण गंधक मिसळून. दोन शेजारी ओळी. चार दिवसांत आंधळ्यालाही दिसलं असतं. बाईंनी भावाला बोलावून आणलं. तो आला, आणि म्हणाला, "ठीक आहे, चार दिवस थांबतो. माझा माणूस रविवारी येणार नाही. पण दुसरी ओळ जळायला हवी हं काका. आणि पहिली जळता कामा नये."

"एवढंच मागणं आहे ना?" अत्तरवाले म्हणाले. खूप दिवसांनी त्यांचा आवाज पूर्वीसारखा लागला.

पंप पाठीवरचा होता. या वयात तो उचलायचा नाही, असं काकूंनी हजारदा सांगितलं होतं. त्या दिवशी सांगितलं नाही. पाणी भरलं, माप घातलं, ढवळलं. त्यांनी पहिली ओळ केली. खालून वर, एकेक पान. मध्ये दोनदा थांबले. काकूंना वाटलं, पानं तपासतायत. ओळ संपवून आले तेव्हा ओठ पांढरे होते.

"सावलीत बसा थोडं."

"ऊन बदलेल. मग तो म्हणेल, दुसरीला ऊन वेगळं होतं." त्यांनी स्वतः गंधक मोजून घातलं, पंप हलवला. काकूंना जवळ येऊ दिलं नाही. "हे मिश्रण माझ्या हातचं असू दे." एक पट्टा खांद्यावर चढवला. दुसऱ्यात हात घालता घालता थांबले. बांधावर बसले. पंप पाठीला तसाच टेकलेला.

"अहो?"

भाऊ सगळ्यात आधी धावला. त्यानंच त्यांना उचलून गाडीत घातलं. गाडी गावाबाहेरच्या वळणावर पोचली तेव्हा घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

घरी माणसं येत राहिली. जो तो नाकाबद्दलच बोलत होता. असं नाक पुन्हा होणे नाही, म्हणत होता. दुकानदार तर रडला. अमोनियाची गोष्ट त्यानं रडत रडत सांगितली, डोळे बांधले तरी ओळखलं बघा, म्हणाला. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना वास येत नव्हता. वास मी घ्यायची. त्या दिवशी मला पडसं होतं. शेत माझ्यामुळे जळलं." बायकांनी त्यांना जवळ घेतलं. पाणी प्या, म्हणाल्या. अशा वेळी माणूस सगळं स्वतःवर घेतं, म्हणाल्या.

बाईंचा भाऊ पंप घेऊन आला. आतलं मिश्रण ओतून देऊन त्यानं तो स्वतः धुतला होता. आत-बाहेर, तीनतीन पाण्यांनी. काकांची शेवटची वस्तू घाणेरडी कशी आणायची, म्हणाला. दाराशी तो जपून ठेवला आणि नमस्कार केला.

चार दिवस झाल्यावर काकू आणि बाई शेतात गेल्या. भाऊही आला. कबूल केलं होतं म्हणून आला.

पहिली ओळ हिरवी होती. पानांखाली मावा वाळून गेला होता. एकही कड तांबूस नव्हती.

दुसरी ओळही हिरवीच होती. चिंध्या दोन्ही टोकांना तशाच बांधलेल्या. पानांखाली मावा खच्चून भरलेला, जिवंत, चिकटा गाळत. तिच्यावर काहीच पडलेलं नव्हतं. ती ओळ फवारायची राहिली होती; भावानं मागितलेल्या दोन गोष्टींतली एकच मिळाली होती.